तापीबाईचा सव्वा महिना

रूपचंद आबाला दोनच गोष्टी मनापासून जमत. एक केळी, दुसरी आजारी माणसं. केळीत कधी वारं शिरायचं, कधी करपा पडायचा. आजारी माणसांचं पीक मात्र बारमाही. शहादा, नंदुरबार, नवापूर, पार सुरतेपर्यंत ओळखीचं कोणी खाटेवर पडलं, की तापीकाठच्या त्या गावातून आबा पांढरा सदरा चढवून पाहायला निघालाच. आयसीयूच्या दारावरच्या वॉचमनला 'मी मामा' असं सांगून तो आत शिरे. रोग्याला धीर देण्याची त्याची पद्धत ठरलेली होती. त्याच रोगाने आपल्या माहितीत कोण कोण गेलं ते आधी सांगायचं, आणि मग म्हणायचं, "पन तुन्हं तसं नही."

"आजारी मानुसले देखाले जानं धरमनं काम शे," तो घरी येऊन अंगावर पाणी घेताना सांगे. पाणी तापवून दिलेलं असे. धर्माचा तेवढा भाग तापीबाईकडे होता.

आपली बायको आजारी आहे हे ध्यानात यायला मात्र आबाला दोन वर्षं लागली. तिच्या अंगावरून जात होतं. महिन्यातले चार दिवस, मग दहा, मग पंधरा. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची आणि काहीतरी विसरल्यासारखं दाखवायची. पहिल्या वर्षी केळीची लागवड होती. मग पुतणीचं लग्न निघालं. मग सोसायटीची निवडणूक आली, आणि आबा पॅनलमधून उभा असल्यामुळे दीड महिना घरात चहाचं पातेलं उतरलं नाही. त्या घरात प्रत्येक गोष्टीला मुहूर्त होता. तापीबाईच्या पोटाला तेवढा निघत नव्हता.

शेवटी ती मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा शहाद्याच्या मॅडमकडे नेलं. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. "गर्भाशयात तीन गाठी आहेत. साध्या आहेत, पण पिशवी काढावी लागेल. आणि रक्त सात आहे. दहा झाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

आबाने हे सगळं मन लावून ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता परिवाराच्या ग्रुपवर टाकलं. त्या दिवसापासून तापीबाईचं रक्त गावाच्या मालकीचं झालं. इंजेक्शनं सुरू झाली. बीट आलं, खजूर आला, गूळ-शेंगदाणे आले. 'रक्त साडेआठ. सर्वांच्या आशीर्वादाने.' खाली एकशे चाळीस जणांचे जोडलेले हात. दुधाला जाताना पोरीबाळी विचारायच्या, "काकू, नऊ व्हयनं का?"

रक्त चढत होतं तसतशी तापीबाई राबत होती. ऑपरेशनची तयारी म्हणजे आपण घरात नसताना घर चालण्याची तयारी, अशी तिची समजूत होती, आणि ती चूक नव्हती. तिने सहा आठवड्यांचं तिखट कुटून घेतलं. डाळ भरडली, दादर ज्वारी निवडून दळून आणली, शेव तळून ठेवली. सुरतेहून सून नूतन फोनवर म्हणाली, "आई, तुम्ही आराम करा ना आता." तापीबाई म्हणाली, "करसू ना. पहिले आरामनी तयारी ते व्हऊ दे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

तापीबाईला एकच विचारायचं होतं. "कितला दिन उठानं नही?"

"सहा आठवडे. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, गॅसपुढे उभं राहायचं नाही. हळूहळू चालायचं, चालणं चांगलं. बाकी पडून राहायचं."

तिने पुन्हा विचारलं. मॅडमना वाटलं, बाई घाबरली आहे. बाई घाबरलेली नव्हती. ते वाक्य तिला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी हेमराज झाला तेव्हा ती सव्वा महिना पडून होती. त्यानंतर तिची पाठ दिवसा गादीला लागली नव्हती.

रात्रीपासून उपाशी राहायचं, हे नर्सने तिला तीनदा समजावलं. आयुष्यभर उपास केलेल्या बाईला समजवावी अशी ती गोष्ट नव्हती. मंगळसूत्र काढून कागदात बांधलं. काचेच्या बांगड्या निघेनात, तेव्हा त्यांना पांढरी पट्टी गुंडाळली. कमरेत सुई गेली आणि पाय दुसऱ्या कोणाचे तरी झाले.

तासाभराने मॅडमनी काढलेली पिशवी ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवली. तशी रीत असते. आबाने खाली वाकून पाहिली, मागे सरकून पाहिली, आणि मोबाइल काढला. तापीबाईने आपली पिशवी कधीच पाहिली नाही. एकशे चाळीस जणांनी पाहिली.

पाचव्या दिवशी ती घरी आली. नूतनने आठ दिवसांची रजा काढली होती. पुढच्या खोलीत आबाने मंडपवाल्याकडून दहा खुर्च्या आणून मांडल्या होत्या, आणि आतल्या खोलीची खाट अशी फिरवली होती की दारातून रोगी नीट दिसावा.

आणि लोक आले. तीस वर्षं आबा ज्यांच्या ज्यांच्या उशाशी बसला होता, ते सगळे आले. पोटाचे आले, गुडघ्याचे आले, बायपासवाले आले. जीप करून आले. कोणी मोसंबी आणली, कोणी बिस्किटांचा पुडा, आणि प्रत्येकाने आपापलं ऑपरेशन आणलं. खुर्चीवर टेकताना म्हणायचं, "नको नको, च्या कसाले," आणि मग मागे रेलून बसायचं. नूतन सकाळी सातला गॅसपाशी उभी राही ती दुपारी दोनला हले. तापीबाई भिंतीकडे तोंड करून पडे, तर आबा बाहेरून म्हणे, "हेमराजनी माय, इकडे तोंड कर. नवनीतभाऊ येल शे, पार नवापूरहून."

आठ दिवस संपले. नूतन पिशवी भरून निघाली. "आई, कुणासाठी उठू नका हां. पप्पांना चहा शिकवलाय मी." हे खरं होतं. तिने करताना आबाने तो दोनदा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनीतभाऊ पुन्हा आला. नवापूरला त्याच्या कोंबड्यांच्या शेड होत्या. शहाद्याला खाद्याच्या कामाला आला की वाटेत पाहून जायचा. सोबत तिघं होते. थोडं बोलणं झालं आणि आबाने नेहमीच्या आवाजात आतल्या दिशेने सांगितलं, "हेमराजनी माय, चार कप. एकमा साखर कमी."

तापीबाई छताकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आत्ता त्याच्या ध्यानात येईल. पंखा फिरत होता. बाहेर नवनीतच्या कोंबड्यांना कसला तरी ताप आला होता, आणि सगळ्यांचा जीव त्यात अडकला होता. कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. पाहुण्यांना वाट पाहायला लावणं तिला तिच्या टाक्यांपेक्षा जास्त दुखलं, हे तिचं तिलाच कळलं आणि वाईट वाटलं. ती कुशीवर झाली, पोट धरून उठली.

चहा घेऊन ती दारात आली तेव्हा नवनीतला बरं वाटलं. "अरे, हिंडी-फिरी ऱ्हायनी ना. मंग काय, चांगली व्हई गई."

आबाने लगेच ग्रुपवर टाकलं: 'प्रकृती उत्तम. भेटीस यावे.'

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी साडीला ओल लागली. आबाने तिला मॅडमकडे नेलं. मॅडमनी पट्टी काढली, टाके एकेक करून पाहिले. मग म्हणाल्या, "एका टाक्यातून पाणी येतंय. तुम्ही उभ्या राहता का?"

तापीबाईने आबाकडे पाहिलं.

"ती आयकत नही मॅडम," आबा म्हणाला. "सवय शे ना कामनी."

"हे बघा, उद्या जखम उघडली तर परत भूल, परत टाके. आतले टाके सुटले तर ते मला पण सोपं नाही. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. घरी दुसरं कोणी नाही का?"

"अहो, घर भरेल शे," आबा म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घरी आल्यावर तापीबाईने खाटेवर पडल्या पडल्या हिशेब केला. सव्वीस दिवस उरले होते. सकाळ-संध्याकाळ चहा, मधे कोणी जेवणारं निघालं तर भाकरी. गावात कोणी मेलं तर त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी चहा आणतात, भाकरी आणतात, घरच्या बाईला कोणी जागचं हलू देत नाही. म्हणजे ती ऑपरेशनमध्ये मेली असती तर तिच्या घरच्या चहाची सोय झाली असती. जगली म्हणून पंचाईत. हा विचार तिला इतका सरळ वाटला की ती एकटीच हसली, आणि टाका ओढला गेला.

मग तिला हेमराजच्या वेळचा तो सव्वा महिना आठवला.

भिंतीला भिंत लागून तिची जेठाणी छबूबाई राहत असे. आबाच्या थोरल्या भावाची विधवा. वय ऐंशी. ग्रहणात काय चालतं, एकादशीला काय चालत नाही, कोणाचं सुतक कोणाला किती दिवस, हे सगळी गल्ली तिला विचारी. 'माले म्हाईत नही' हे शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. तापीबाई नवी नवरी होती तेव्हा महिन्याचे चार दिवस तिला गोठ्याशेजारी बसवणारी हीच. तेव्हा विटाळाची तापीबाईला फार चीड होती.

दुपारी छबूबाई मिश्री लावत खाटेपाशी बसली होती.

"मोठी माय, एक इचारू का?"

"इचार."

"बाळंतीनना हातनं पानी सव्वा महिना काबरं चालत नही?"

"नही चालत म्हंजे नही चालत. पोटमाईन जीव निंघस. ईटाय ऱ्हास तिले."

"मन्ही ते पिशवीच निंघी गई. जीव जठे ऱ्हास ती जागाच. तिन्हा ईटाय कितला दिन?"

छबूबाईचं मिश्रीचं बोट दाताशी थांबलं. तिच्या ऐंशी वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता. गावात कितीतरी बायकांच्या पिशव्या निघाल्या होत्या. त्या सगळ्या आठ-दहा दिवसांत भाकरी थापायला बसल्या होत्या आणि सगळ्या गावाने त्या भाकरी खाल्ल्या होत्या. छबूबाईने स्वतः खाल्ल्या होत्या.

"कोन बोलनं तुले, ईटाय नही म्हनीसन?"

"कोनीच काही बोलनं नही."

"आनि तू बठ्ठास्ले च्या पाजी ऱ्हायनी?"

"पाजी ऱ्हायनू."

छबूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. पुढच्या खोलीत आबा, नवनीतभाऊ आणि गावातले दोघं तापीबाईने नुकताच करून दिलेला चहा बशीत ओतत होते.

"रूपचंद," ती म्हणाली, "बशी खाले ठेव."

चारही बशा हवेत थांबल्या.

"काय व्हयनं वहिनी?"

"हाई बाई ईटायमा शे. सव्वा महिना तिन्हा हातनं पानी चालाव नही. तुम्ही ते च्या पी ऱ्हायनात."

"अहो, मॅडम असं काही बोलनी नही."

"मॅडम कसाले बोली? ती शहादानी शे, आपला घरनी नही. पोऱ्या व्हयना त सव्वा महिना पाळतस. आनि पोऱ्यानं घरच निंघी गयं त काहीच नही? तुन्हा बापना घरमा असं चालनं का कधी?"

बापाचं नाव निघताच आबाने बशीतला चहा परत कपात ओतला. नवनीतभाऊने बशी अलगद टेबलावर ठेवली. आठवडाभरात आपण या घरात किती कप प्यायलो, ते तो मनाशी मोजत असावा, कारण त्याचा चेहरा उतरला. पुढे कळलं, तो वाटेत प्रकाशा या तीर्थाच्या गावी थांबून तापीत डोकं बुडवून घरी गेला.

तेव्हापासून घराला कुलूप नव्हतं, पण असल्यासारखंच होतं. तापीबाईने हात लावलेलं काही बाहेर जायचं नाही, आणि त्या घरात हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं. लोक एक-दोन दिवस आले, ओट्याखाली उभे राहून आत ओरडले, "बरं शे का?" आणि गेले. चहा नाही म्हटल्यावर लोकांची आस्था निम्म्यावर आली. पाणीही नाही म्हटल्यावर उरलेली गेली. खुर्च्या मंडपवाल्याने परत नेल्या.

गल्लीतल्या बायकांना मात्र हा न्याय ताबडतोब पटला. विटाळ पाळायचा तर बाळंतपणही पाळायला हवं. पंचावन्न वर्षांच्या तापीबाईच्या कानांना फडकं बांधलं गेलं. खाटेखाली शेगडी आली. एकीने डिंकाचे लाडू दिले, एकीने बाळंतशोपा. दोन वेळची भाकरी आळीपाळीने येऊ लागली, कारण बाळंतिणीला चुलीपाशी जाऊ देणं पाप. टाका चार दिवसांत कोरडा झाला. ती पडून राही आणि दिवस कसा असतो ते पाही. दहा वाजता उन्हाची पट्टी खाटेच्या पायावर येते, बारा वाजता निघून जाते. तेहतीस वर्षं ही पट्टी रोज येऊन जात होती आणि कोणी तिला पाहायला नव्हतं.

हाल झाले ते आबाचे. "तीस वरीस मी लोकेस्ना दवाखाना हिंडनू," तो एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला. "आते मन्हा घर कोनी येवाले तयार नही."

"तुम्ही शेतस ना," तापीबाई म्हणाली. "तुम्ही माले कधळ देखं? या, बठा."

आबाने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि खाटेशेजारी बसला. पाहुणा बसतो तसा, जरा टोकावर. हात गुडघ्यांवर ठेवले. मग तो सवयीने सुरू झाला: पिशवीच्या ऑपरेशननंतर तळोद्याची कोण गेली, सुरतेला कोणाची आत गाठ राहिली. तिसऱ्या मेलेल्या बाईपाशी तो अडखळला. तापीबाई त्याच्याकडे पाहत होती.

"पन तुन्हं तसं नही," तो म्हणाला. ह्या वेळी ते त्याने जमिनीकडे बघून म्हटलं. मग उठून स्वतःच माठातलं पाणी घेतलं, आणि जाता जाता एक फुलपात्र तिच्याही उशाशी ठेवलं.

छबूबाई रोज भाकरीबरोबर येऊन बसे. एकदा तापीबाईने हळूच विचारलं, "मोठी माय, खरंच ऱ्हास का असं?"

छबूबाईने दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"माले काय म्हाईत," ती म्हणाली. "मन्हं कॅम्पमा नसबंदीनं ऑपरेशन व्हयनं, तिसरा दिनले माले कापूस येचाले धाडी दिन्हं. मी कोनले इचारं नही. तू इचारं."

आणि तिने भाकरीवरचं फडकं काढलं.

असा नियम एकदा निघाला की तो घरात बसत नाही. महिना भरत आला तेव्हा मागच्या गल्लीतल्या भीमसिंग गिरासेच्या बायकोचं, कमलीबाईचं, नंदुरबारला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती घरी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, मी पण विटाळात आहे. भीमसिंग धावत छबूबाईकडे आला. मारुतीच्या पारावर यावर दोन दिवस खल चालला. पित्ताशयात जीव राहत नाही, असा पुरुषांचा मुद्दा होता.

"पोटमाईन निंघनं का नही?" छबूबाईने विचारलं. "मंग."

"असं जर व्हई," भीमसिंग चिडून म्हणाला, "त मन्ही मूळव्याध काढी टाकानी शे. मंग माले बी सव्वा महिना पाळो."

"तुले कसाले? तुन्हा हातनं पानी पहिले बी कोन पेस?"

पारावरचे सगळे हसले. मग हळूहळू एकेक जण हसायचा थांबला.

चाळिसाव्या दिवशी तापीबाईने डोक्यावरून पाणी घेतलं. छबूबाईने घरभर गोमूत्र शिंपडलं, गॅसच्या शेगडीला हळदकुंकू लावलं. आबा पहाटेपासून दाढी करून तयार. 'विटाळ फिटला. आजपासून यावे,' हे त्याने आदल्याच दिवशी टाकलं होतं. नवापूरची जीप निघाली होती. एकूण अकरा जण होते, आणि तीन आठवड्यांची राहिलेली भेट एका दिवसात उरकायची म्हणजे जेवूनच जाणार.

मॅडमचे सहा आठवडे व्हायला अजून दोन दिवस होते. मॅडमना छबूबाई माहीत नव्हती, आणि छबूबाईचा सव्वा महिना मॅडमच्या मापाने दोन दिवस आखूड पडत होता.

"दोन दिनमा काय व्हस," आबा म्हणाला. "सुटनी ना तू आते."

तापीबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग ती कपाटापाशी गेली, घडीची निळी साडी काढली, नेसली. केस विंचरले. आबाला वाटलं, पाहुण्यांसाठी.

"कथी चालनी?"

"कमलीबाईले देखाले."

"आते? अकरा लोके ई ऱ्हायनात हेमराजनी माय."

"येऊ द्या. तुम्ही शेतस ना." तिने पदर खांद्यावरून घेतला. "आजारी मानुसले देखाले जानं धरमनं काम शे. त्याले कोनी नही म्हनत नही. आनि मॅडम बोलनी, चालनं चांगलं."

हे वाक्य आबाचंच होतं, तीस वर्षांचं. त्याने मदतीसाठी मागे वळून पाहिलं. मागच्या दारात छबूबाई उभी होती. ती गोमूत्राची वाटी धुवायला निघून गेली.

तापीबाई ओट्याच्या तीन पायऱ्या एकेक करून उतरली. गल्लीतून ती हळू चालली, मधे कुठेही काही विसरल्यासारखं न दाखवता. गल्लीच्या तोंडाशी तिला जीपचा हॉर्न ऐकू आला. तिने मागे पाहिलं नाही.

कमलीबाई आतल्या खोलीत खाटेवर पडली होती. कानांना फडकं बांधलेलं. घर शांत होतं. तापीबाईला पाहून ती उठायला लागली, मग आठवून पुन्हा मागे टेकली.

"तुले च्या बी देता येवाव नही, बहिन," ती म्हणाली.

"म्हनीसन ते मी उनू तुन्हाकडे," तापीबाई म्हणाली, आणि खाटेच्या कडेला पाय वर घेऊन बसली.

"कितला दिन ऱ्हायनात तुन्हा?"

"एकतीस," कमलीबाई म्हणाली.

तापीबाईने खोलीभर पाहिलं. उन्हाची पट्टी इथे भिंतीवर होती.

"मी येत जासू," ती म्हणाली. "रोज."